लोखंडाच्या आधी झिजणारे जस्त

पाण्यात बुडालेल्या लोखंडाला जोडलेला जस्ताचा ठोकळा पाच वर्षांनी वर काढला आणि तो कोरा करकरीत निघाला, तर बहुतेक माणसे खूश होतात. माल चांगला होता, अजून पाच वर्षे चालेल, असे म्हणून तोच ठोकळा पुन्हा बसवतात. खरे तर त्या वेळी डोक्याला हात लावायला हवा. ठोकळा झिजला नाही म्हणजे त्याने काम केले नाही, आणि तेवढी वर्षे लोखंड एकटेच झिजत राहिले. हा उलटा हिशेब एकदा डोक्यात बसला की या पुस्तकातले निम्मे समजले. ठोकळा कुठल्या धातूचा हवा, किती वजनाचा हवा, कुठे लावायचा, आणि तो संपत आला आहे हे कोणी बघायचे, हे उरलेले निम्मे. त्यातला शेवटचा प्रश्न सगळ्यांत सोपा दिसतो आणि आपल्याकडे नेमका तोच सुटलेला नाही.

कारखान्यात या ठोकळ्याला सॅक्रिफिशियल ॲनोड म्हणतात, बंदरावरचे लोक नुसते ‘झिंक’ म्हणतात आणि गिझर दुरुस्त करणारा ‘रॉड’ म्हणतो. इथे ॲनोड हाच शब्द ठेवला आहे, दुकानात तोच चालतो म्हणून.

निपाणी, चिकोडी, हुक्केरी, बेळगाव, खानापूर हा पट्टा लोखंडासाठी प्रसिद्ध नाही. निपाणीचे नाव तंबाखूने झाले, बेळगावचे कुंद्याने. पण बेळगावच्या उद्यमबागेत एक चक्कर मारली तर भट्ट्या दिसतात. पंपांची, व्हॉल्व्हांची, मोटारींच्या सुट्या भागांची ओतीव कामे तिथून देशभर जातात. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावपासून बेळगावपर्यंत महामार्गालगत बिडाचा धंदा पसरलेला आहे. दुसरीकडे वेदगंगा आणि दूधगंगेच्या काठांवर जॅकवेल आहेत, त्यांतून निघून काळ्या रानाखालून मैलोगणती गेलेल्या उपसा योजनांच्या पाइपा आहेत, नदीवर बंधारे आहेत, घटप्रभेवर हिडकलच्या धरणाचे दरवाजे आहेत. दाभोळहून बेंगळुरूला जाणारी, सुमारे हजार किलोमीटर लांबीची आणि २०१३ मध्ये सुरू झालेली नैसर्गिक वायूची पोलादी वाहिनी सह्याद्री चढून बेळगाव जिल्ह्यातूनच पुढे जाते. लोखंड आपण ओततो, पुरतो, बुडवतो आणि मग त्याकडे पाठ फिरवतो. ते गंजणारच, असे आपण धरून चाललो आहोत. पाइप फुटली की वेल्डरला बोलवायचे, पॅच मारायचा, पुढच्या उन्हाळ्यात दुसरीकडे फुटायची वाट बघायची. उपसा योजनेच्या वार्षिक सभेत दुरुस्तीखर्चावर जेवढा वाद होतो, त्याच्या शतांशानेही पाइप मुळात का फुटली यावर बोलणे होत नाही.

तर ती का फुटते? लोखंड खाणीतून निघते तेव्हा ते ऑक्सिजनशी जोडलेल्या दगडाच्या रूपात असते. भट्टीत प्रचंड उष्णता देऊन आपण तो ऑक्सिजन हाकलतो. पाणी आणि हवा मिळाली की लोखंड परत त्याच अवस्थेकडे निघते. हा परतीचा प्रवास विजेच्या मार्गाने होतो, हे मात्र बऱ्याच जणांना नवे वाटते. एकाच पाइपेच्या अंगावर काही ठिपके असे असतात की तिथले लोखंड इलेक्ट्रॉन मागे सोडून पाण्यात विरघळते. शेजारच्या दुसऱ्या ठिपक्यावर तेच इलेक्ट्रॉन पाण्यातल्या ऑक्सिजनला मिळतात. पहिला ठिपका ॲनोड, दुसरा कॅथोड. मधल्या लोखंडातून इलेक्ट्रॉन वाहतात, ओल्या मातीतून किंवा पाण्यातून आयन वाहतात आणि मंडल पूर्ण होते. सेलमध्ये जे घडते तेच इथे घडते, फरक इतकाच की या सेलवर दिवा लागत नाही, पाइपेला भोक पडते. जिथे ऑक्सिजन कमी पोचतो तिथे, म्हणजे मातीच्या घट्ट ढेकळाखाली, क्लॅम्पच्या आत, गाळात रुतलेल्या भागात ॲनोड तयार होतो. म्हणून पाइप बहुधा खालच्या अंगाने सडते, आणि वरून बघणाऱ्याला ती धडधाकट दिसते.

बिडाच्या जुन्या जलवाहिन्यांची गोष्ट आणखी फसवी आहे. बिडात कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो. लोखंड विरघळून गेले तरी ग्रॅफाइट आणि गंज यांचा सांगाडा जागेवर राहतो. आकार तोच, जाडी तीच, पण चाकूने खरवडावी इतकी ती पाइप मऊ झालेली असते. एखादा जड ट्रक वरून गेला की ती मोडते आणि खापर ट्रकवर फुटते.

आता त्या पाइपेला जस्ताचा तुकडा तारेने जोडला आणि दोन्ही एकाच ओल्या मातीत राहिले, तर चित्र पालटते. इलेक्ट्रॉन सोडण्याची ओढ प्रत्येक धातूत वेगळी असते. प्रमाण मोजपट्टीवर मॅग्नेशियम उणे २.३७ व्होल्टवर, ॲल्युमिनियम उणे १.६६ वर, जस्त उणे ०.७६ वर आणि लोखंड उणे ०.४४ वर येते. आकडा जितका खाली, तितकी विरघळण्याची घाई जास्त. जस्त लोखंडाच्या आधी विरघळू लागते, त्याचे इलेक्ट्रॉन तारेतून पाइपेकडे धावतात आणि पाइपेचा सगळा पृष्ठभाग कॅथोड होतो. तिथे ऑक्सिजनला हवे ते जस्ताकडून मिळते, मग लोखंडाला काही द्यावे लागत नाही.

निपाणीच्या वखारींवर आणि भोवतालच्या गुऱ्हाळांवर जे जस्ती पत्रे दिसतात, ते हेच तत्त्व गेली कित्येक दशके डोक्यावर धरून उभे आहेत. लोखंडी पत्रा वितळलेल्या जस्तात बुडवून काढण्याच्या पद्धतीचे पेटंट सोरेल या फ्रेंच माणसाने १८३७ मध्ये घेतले. नुसता मुलामा म्हणून जस्ताचे काम असते तर पत्र्यावर खिळा ठोकल्याबरोबर त्या भोकाभोवती गंज पसरायला हवा होता. तसे होत नाही. ओरखडा पडलेल्या जागी उघडे पडलेले लोखंड शेजारचे जस्त सांभाळून घेते, आणि आजूबाजूचे जस्त संपेपर्यंत तिथे तांबूस डाग येत नाही. याच्या शेजारी जुना तुपाचा पत्र्याचा डबा ठेवून बघा. त्याला कथिलाचा मुलामा असतो. कथिलाची विरघळण्याची ओढ लोखंडापेक्षा कमी, त्यामुळे डबा अखंड असतो तोवर चकचकीत राहतो. एकदा ओरखडा पडला की कथिल सुरक्षित राहते आणि उघडे लोखंड आणखी वेगाने जाते. जस्ती बादली वर्षानुवर्षे विहिरीवर आपटली जाते आणि तरी टिकते, डबा मात्र एका पावसाळ्यात भोकाळतो. मुलाम्याची जाडी हे त्याचे एक कारण, पण धातूंचा हा क्रम हे मोठे कारण.

या विद्येचा जन्म लोखंडासाठी झाला नाही, तांब्यासाठी झाला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकत. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेले आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ त्याच काळातले. ते जहाज आजही इंग्लंडमध्ये जपून ठेवले आहे. समुद्राचे पाणी तांबे खात असे आणि ब्रिटिश आरमाराचा त्यावर मोठा खर्च होई. आरमाराने रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांना विचारले. डेव्हींनी १८२४ मध्ये रॉयल सोसायटीसमोर उपाय मांडला: तांब्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे छोटे तुकडे जोडा. प्रयोगांत त्यांचा मदतनीस होता तरुण मायकेल फॅरेडे. उपाय अचूक लागू पडला, तांबे विरघळायचे थांबले. आणि मग जहाजे मंदावली. शंखशिंपले आणि शेवाळ तळाला चिकटू लागले, कारण विरघळणारे तांबे विषारी असल्यामुळेच ते तोवर चिकटत नव्हते. आरमाराने ते तुकडे काढून टाकायला लावले. डेव्ही १८२९ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या नावावर हे अपयश म्हणूनच जमा होते. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. विज्ञान बरोबर होते, मोजमाप बरोबर होते, पण तांब्याचे गंजणे काही कामाचे होते हे कोणी विचारात घेतले नव्हते. कुठल्याही रचनेवर ॲनोड लावण्यापूर्वी ती रचना तिथे काय काम करते हे विचारायचे असते, आणि हा प्रश्न रसायनशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही.

लोखंडी जहाजे आली तशी ही विद्या परत आली, कारण लोखंडाचा तळ काही केल्या गंजतोच. आज वेंगुर्ल्यापासून कारवारपर्यंत कुठल्याही बंदरावर ट्रॉलर किनाऱ्यावर ओढलेला दिसला, तर सुकाणूजवळ आणि पंख्याशेजारी जस्ताच्या पट्ट्या दिसतील. पंखा पितळेचा किंवा ब्राँझचा, दांडा पोलादाचा, आणि दोन्ही खाऱ्या पाण्यात. तिथे जस्त नसेल तर दांडा फार दिवस तग धरणार नाही. जमिनीखालच्या पाइपांसाठीचा मोठा टप्पा १९२८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये आला. रॉबर्ट कून यांनी वायुवाहिनीला बाहेरून वीज देऊन कॅथोड बनवले आणि पोलाद मातीत सुरक्षित समजायला किती व्होल्ट लागतात याचा आकडा दिला. तो उणे ०.८५ चा आकडा आजही चालतो. आपल्याकडे या विषयावरचे काम तामिळनाडूत कराईकुडीच्या केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्थेत झाले आहे. ती संस्था १९५३ मध्ये सुरू झाली.

धातू निवडण्याच्या बाबतीत आपला प्रदेश चांगली प्रयोगशाळा आहे. बेळगावच्या पश्चिमेला, खानापूर आणि चंदगडकडे, जांभा दगड आणि तांबडी माती. पाऊस भरपूर पडतो, पण पाणी झरझर निचरून जाते आणि मातीतले क्षार वाहून जातात. अशा मातीतून वीज सहज वाहत नाही. पूर्वेला गोकाक आणि अथणीकडे, तसेच निपाणीच्या नदीकाठाला काळी माती. ती पाणी धरून ठेवते, तिच्यात क्षार राहतात, उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगांतून हवा आत जाते. काळ्या रानात लोखंड लवकर सडते हे शेतकऱ्याला माहीत असते. त्याच मातीत ॲनोडही चांगला काम करतो, हे फारसे माहीत नसते. वीज वाहू देणारी माती गंजालाही मदत करते आणि उपायालाही. जांभ्यात गंज मंद असतो, पण ॲनोडचा प्रवाहही अडतो, म्हणून तिथे जोरदार धातू लागतो.

तो जोरदार धातू म्हणजे मॅग्नेशियम. गोड्या पाण्यात आणि जमिनीत बहुधा तेच वापरतात. दोष असा की त्यातला जवळजवळ अर्धा धातू लोखंडाला न वाचवता आपसूकच विरघळून जातो. जमिनीत पुरताना त्याला जिप्सम, बेंटोनाइट माती आणि थोडे सोडियम सल्फेट यांच्या मिश्रणाने भरलेल्या कापडी पिशवीत ठेवतात, म्हणजे भोवती ओल राहते. खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम लावले तर ते काही महिन्यांत संपते आणि जाताजाता रंगाचे पापुद्रे उचलून टाकते. समुद्रात जस्त चांगले. त्याचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग कामी येतो. पण गिझरसारख्या ६० अंशांपुढच्या गरम पाण्यात जस्त काही वेळा पक्ष बदलते, लोखंडाला वाचवायचे सोडून त्यालाच ॲनोड करते. म्हणून गिझरमध्ये मॅग्नेशियमचा रॉड असतो.

तिसरा धातू ॲल्युमिनियम, आणि इथे बेळगावचा थेट संबंध आहे. राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडीसारख्या पठारांवरचे बॉक्साइट घाट उतरून बेळगावच्या कारखान्यात येते. आधी तो कारखाना इंडालचा होता, आता हिंदाल्कोचा आहे, आणि तिथे त्या दगडातून ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचा कच्चा माल, काढतात. दगड महाराष्ट्रातला, भट्टी कर्नाटकातली. सीमाभागात अशी जोडणी निवेदनांशिवाय आणि मोर्चांशिवाय चालू असते. ॲल्युमिनियमची गंमत अशी की मोजपट्टीवर ते जस्ताच्या बरेच खाली आहे, पण नुसते लावले तर ॲनोड म्हणून चालत नाही. हवा लागताच त्याच्या अंगावर ऑक्साइडचा घट्ट पापुद्रा चढतो. त्यात थोडे जस्त आणि अगदी चिमूटभर इंडियम मिसळले की पापुद्रा टिकत नाही आणि ॲल्युमिनियम मोकळेपणी विरघळते. एक किलो जस्त सुमारे ७८० अँपिअर-तास देते, तर एक किलो ॲल्युमिनियम सुमारे २५००. समुद्रातल्या तेलाच्या फलाटांच्या पायांना म्हणूनच ॲल्युमिनियम लावतात. वजन तिपटीने वाचते. गोड्या पाण्यात मात्र त्याचा उपयोग नाही, पापुद्रा फोडायला क्लोराइड लागतात. हिडकलच्या दरवाजावर समुद्रासाठी बनवलेला ॲल्युमिनियमचा ॲनोड बसवणे म्हणजे पैसे पाण्यात सोडणे.

आकड्यांत थोडे थांबू. एक अँपिअर प्रवाह वर्षभर वाहत राहिला तर सुमारे नऊ किलो लोखंड विरघळते. तेवढाच प्रवाह जस्ताकडून घ्यायचा तर वर्षाला सुमारे अकरा किलो जस्त जाते. समुद्रात उघड्या पोलादाला दर चौरस मीटरला ढोबळमानाने शंभर मिलिअँपिअर लागतात. म्हणजे दहा चौरस मीटर उघड्या पत्र्याला वर्षाला अकरा किलो जस्त. हे परवडणारे नाही. तोच पत्रा नीट घासून, प्रायमर मारून, चांगल्या रंगाने झाकला तर प्रवाह केवळ रंगातल्या बारीक छिद्रांना आणि ओरखड्यांना पुरवायचा असतो, आणि जस्ताचा खर्च कित्येक पटींनी उतरतो. रंग का ॲनोड, हा प्रश्न काही ठेकेदार विचारतात. प्रश्नच चुकीचा आहे. रंग नव्याण्णव टक्के जागा सांभाळतो, उरलेल्या एका टक्क्यात ॲनोड लागतो, आणि भोक त्या एका टक्क्यातच पडत असते.

दाभोळ–बेंगळुरू वाहिनीसारख्या मोठ्या वाहिन्यांवर पॉलिथिलीनचे जाड आवरण असते आणि कायमचे संरक्षण सहसा बाहेरून वीज देऊन केले जाते, कारण इतक्या लांबीला ठोकळे पुरत बसणे शक्य नसते. तरी वाहिनी पुरल्यापासून ती वीज जोडेपर्यंतचा जो मधला काळ असतो, त्यात तात्पुरते ॲनोडच पहारा देतात. बांधावर ठरावीक अंतराने जे छोटे खांब दिसतात, त्यांतल्या काहींत पाइपेला जोडलेली तार वर आणलेली असते; तपासनीस येऊन त्यावर व्होल्ट मोजतो. गुरे बांधायला तो खांब सोयीचा वाटतो हे मला कळते, पण तो उपटू नका.

आता हा उपाय कुठे चालत नाही तेही सांगायला हवे, कारण विकणारे ते सांगत नाहीत. ॲनोडला लोखंडाशी धातूची जोड हवी आणि दोघांना एकाच पाण्यात किंवा एकाच ओल्या मातीत राहायला हवे. यातली एक अट तुटली की तो नुसता धातूचा तुकडा. गोकाकच्या धबधब्यावरच्या झुलत्या पुलाच्या दोरांवर दिवसरात्र तुषार येतात, पण ते दोर हवेत आहेत. तिथे जस्ताचा मुलामा आणि ग्रीस हाच मार्ग. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या लोखंडी बरग्यांचे प्रकरण मधले आहे. ते पावसाळ्यानंतर घालतात आणि पुढच्या पावसाळ्याआधी काढतात, म्हणजे बरेच महिने पाण्यात असतात. तत्त्वतः ॲनोड चालेल. पण प्रत्येक बरगा वेगळा, त्यांच्यात विजेची जोड नाही, प्रत्येकाला स्वतंत्र ठोकळा लागेल. काढता-घालताना तो ठोकळा तुटेल, आणि नाही तुटला तर भंगारवाल्याकडे जाईल. बरगेच जिथे चोरीला जातात तिथे जस्ताचे काय. माझ्या मते बरग्यांना रंग आणि कोरडी शेड एवढेच द्यावे. पावसाळाभर ते उघड्यावर रचून ठेवतात तेव्हाच ते जास्त सडतात.

१० ऑगस्ट २०२४ च्या रात्री तुंगभद्रा धरणाचा १९ क्रमांकाचा दरवाजा साखळी तुटून वाहून गेला. सत्तर वर्षांचे धरण, भरलेला जलाशय, आणि खालच्या गावांत धाकधूक. त्या साखळीला ॲनोडने वाचवले असते असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. साखळीचा बराच भाग हवेत असतो. पण धरणाच्या दरवाजाचा पाण्यात बुडालेला पत्रा, त्याच्या कडा, खाचेतले रूळ या जागा ॲनोडच्या हक्काच्या आहेत. आणि साखळी असो की ॲनोड, दर वर्षी कोणी खाली उतरून बघितले का, हा प्रश्न दोघांना सारखाच लागू आहे.

पणजीचा मांडवी पूल आठवणाऱ्या पिढीला हे वेगळे सांगायला नको. १९७० च्या सुमारास उभा राहिलेला तो काँक्रीटचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. वयाची जेमतेम पंधरा वर्षे. काँक्रीटच्या पोटात ताणून बसवलेल्या पोलादी तारा खाऱ्या हवेने आणि पाण्याने गंजल्या होत्या, आणि बाहेरून ते दिसत नव्हते. नवा पूल होईपर्यंत सिंधुदुर्गाकडून पणजीला येणाऱ्यांनी फेरीबोटीच्या रांगेत किती वेळ घालवला याचा हिशेब कुठेच नाही. ठाण्याच्या खाडीवरच्या पहिल्या वाशी पुलालाही याच रोगाने लवकर म्हातारपण आले. काँक्रीटमधल्या साध्या सळ्यांना वाचवण्यासाठी हल्ली दुरुस्तीच्या वेळी छोटे जस्ताचे ॲनोड सळीला बांधून आत गाडतात. कारण खराब भाग फोडून तिथे नवे काँक्रीट भरले की त्या पॅचच्या कडेची जुनी सळी अधिक वेगाने गंजू लागते. बेळगावात स्लॅबची दुरुस्ती दोन वर्षांत पुन्हा का निघते, त्याचे एक उत्तर यात आहे. ताणलेल्या उच्च ताकदीच्या तारांना मात्र जपून; संरक्षण प्रमाणाबाहेर गेले तर पृष्ठभागावर हायड्रोजन तयार होतो आणि तार ठिसूळ होऊन तुटते. तिथे जाणकाराशिवाय हात घालू नये.

प्रत्यक्षात ॲनोड कशाने फसतात, याची यादी लाजिरवाणी आहे, इतकी ती साधी आहे. सगळ्यांत वर रंगारी. टाकी रंगवायला घेतलेला माणूस मन लावून काम करतो आणि जस्ताच्या ठोकळ्यावरही दोन हात मारतो. ठोकळा झाकला गेला, संपला विषय. तो पाच वर्षांनी कोरा निघतो तो असा. मग नटबोल्ट. ठोकळा बोल्टने आवळलेला असेल तर मधे गंज शिरतो आणि जोड तुटते. म्हणून त्यातली पट्टी वेल्ड करावी. मग अर्थिंग. जमिनीखालच्या पोलादी टाकीला वायरमनने तांब्याच्या अर्थिंगशी जोडले की तांबे कॅथोड होते आणि ॲनोडचा सगळा प्रवाह तांबेच पिऊन टाकते. ॲनोड लवकर संपतो, मग टाकीची पाळी येते. वायरमनचे चुकले नाही, त्याला सुरक्षिततेसाठी अर्थिंग हवेच. जस्ती पाइपेचे अर्थिंग केले असते तर दोन्ही साधले असते, पण ते त्याला सांगणारे कोणी नव्हते. माझ्या ओळखीच्या एका उपसा योजनेत ॲनोड बसवले, बिल निघाले, फोटो निघाले, आणि ते कुठे पुरले आहेत हे सांगणारा माणूस निवृत्त झाला. नकाशा नव्हता. आज ते ॲनोड संपले आहेत की नाही, कोणालाच ठाऊक नाही.

मोजमाप अवघड असते तर हे समजण्यासारखे होते. पण लागते काय? एक साधा मल्टिमीटर, आणि एक नळी. नळीत तांब्याची सळी, भोवती मोरचुदाचे संपृक्त पाणी आणि तळाला पाणी झिरपेल असे लाकडी किंवा सच्छिद्र बूच. द्राक्षबागायतदाराच्या घरी मोरचूद असतेच. नळी पाइपेच्या वरच्या ओल्या मातीत रोवायची, मीटरची एक तार नळीतल्या सळीला, दुसरी पाइपेला. मोकळ्या पोलादाला उणे ०.५ ते ०.७ व्होल्टच्या आसपास आकडा येतो. ॲनोड जोडल्यावर तो उणे ०.८५ किंवा त्याखाली गेला की काम चालू आहे असे समजावे. हा आकडा सहा महिन्यांनी पुन्हा घ्यायचा आणि वहीत लिहायचा. आकडा हळूहळू वर सरकू लागला की ॲनोड संपत आला. खोदायचे काम नाही. गावातल्या दहावी झालेल्या मुलाला एका दुपारी शिकवता येईल असे हे आहे.

मग ते होत का नाही? माझे मत असे की या विद्येचे सगळे कागद अशा माणसाच्या हातात असतात ज्याला पाइपेजवळ जायचे नसते, आणि जो रोज पाइपेजवळ असतो त्याच्यासाठी त्याच्या भाषेत काहीच लिहिलेले नसते. जमिनीखालच्या पाइपांच्या कॅथोडिक संरक्षणासाठी भारतीय मानक आहे, आयएस ८०६२, पण ते इंग्रजीत. सरकारी आदेश कन्नडमध्ये येतात. वेदगंगेच्या काठचा पंपचालक, उद्यमबागेतला फिटर, निपाणीचा वेल्डर घरी आणि कामावर मराठी बोलतो. त्याच्या हातात पोचेल असे काही असावे, या हेतूने पुढची पाने लिहिली आहेत. कन्नड आवृत्ती निघाली तर ती अधिक लोकांपर्यंत जाईल आणि ती निघावी. या पुस्तकात गणिते आहेत, पण ती गुणाकार-भागाकाराच्या पुढे जात नाहीत. कोष्टके आहेत. ॲनोड कसा बसवायचा याची चित्रे आहेत, आणि कसा बसवू नये याची थोडी जास्त चित्रे आहेत. समुद्रातल्या मोठ्या रचनांवर एकच प्रकरण आहे. त्यावर जगात पुष्कळ लिहिलेले आहे.

गंजामुळे होणारे जगाचे नुकसान एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने २०१६ मध्ये वर्षाला अडीच लाख कोटी डॉलर, म्हणजे जागतिक उत्पन्नाच्या ३.४ टक्के इतके काढले होते. एवढा मोठा आकडा कोणाच्याच मनाला लागत नाही. उपसा योजनेच्या सभासदाला आपल्या पाणीपट्टीतला किती भाग पाइपेच्या पॅचवर जातो हा आकडा लागतो, आणि तो संस्थेच्या ताळेबंदात लिहिलेला असतो.

म्हणून वाचकांना एक विनंती. पुस्तक वाचायला घेण्याआधी आपल्या ताब्यातला एक ॲनोड शोधून ठेवा. शेती नसली, कारखाना नसला, तरी बहुतेक घरांत साठवणीचा गिझर किंवा गच्चीवर सोलर आहे आणि त्यातल्या पुष्कळांच्या टाकीत मॅग्नेशियमचा रॉड आहे. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी वापरत असाल तर तो वर्षा-दोन वर्षांत बघायला हवा. वीज बंद करून, पाणी उपसून, जाणकाराकडून तो काढून घ्या. नुसती तार उरली असेल तर नवा बसवा. टाकीच्या किमतीपुढे तो फार स्वस्त पडतो. बसवल्याची तारीख टाकीवरच खडूने नको, न पुसणाऱ्या शाईने लिहा.